वाचकांचे प्रश्न : ग्रंथपालांची पहिली शाळा कोणती?

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात सहायक म्हणून काम करते आणि यंदा ग्रंथपालनाच्या प्रमाणपत्र वर्गाला बसले आहे. इतिहासाच्या तासाला आम्हांला सांगितले गेले की भारतातील ग्रंथपालांची पहिली शाळा बडोद्याला निघाली. अभ्यासासाठी विकत घेतलेल्या मार्गदर्शिकेत लाहोर दिले आहे आणि आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आग्रह मद्राससाठी आहे. परीक्षेत काय लिहावे, आणि खरे काय समजावे?

उत्तर : परीक्षेत बडोदे लिहावे आणि पुढे 1911 हे वर्ष घालावे. उरलेली दोन्ही उत्तरे मात्र सर्वस्वी चुकीची नाहीत; प्रश्नातील ‘शाळा’ या शब्दाने काय धरायचे, यावर ती अवलंबून आहेत.

बडोद्याच्या वर्गाचे मूळ शिक्षणखात्यात सापडते. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग म्हणून सुरू केले आणि 1906 मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू केले. चौथी-पाचवीपर्यंत शिकून शेतावर किंवा दुकानात गेलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तकच पडले नाही, तर अक्षरओळख काही वर्षांत पुसली जाते, ही अडचण त्यानंतर लगेच समोर आली. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. तसे जाळे आपल्या संस्थानात उभारण्यासाठी त्यांनी 1910 मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास बोलावले. बॉर्डन हे कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील ‘यंग मेन्स इन्स्टिट्यूट’चे ग्रंथपाल, त्याआधी बॉस्टन अथेनियम या ग्रंथालयात, अक्षरांवर आधारलेली वर्गीकरण पद्धत रचणारे चार्ल्स अमी कटर यांच्या हाताखाली त्यांनी काम केले होते. महाराजांनी स्वतःच्या संग्रहातील सुमारे 20,000 पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयासाठी दिली, आणि योजना अशी ठरली की गावाने जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम सरकारने आणि तेवढीच स्थानिक मंडळाने घालावी.

पैशाची सोय झाली, पुस्तकेही येऊ लागली, आणि मग प्रश्न माणसांचा आला. दाखल नोंदवही कशी ठेवायची, पुस्तकाला वर्गांक म्हणजे त्याच्या विषयाचा क्रमांक कसा द्यायचा, पुस्तकाच्या माहितीचे तालिकापत्र कसे लिहायचे, देवघेवीचा हिशेब कसा राखायचा, हे जाणणारा माणूस गावोगाव कोठून मिळणार? त्यासाठी बॉर्डन यांनी 1911 मध्ये बडोद्यात प्रशिक्षण वर्ग उघडला. त्या वर्गात काय शिकवले जात असेल याची कल्पना संस्थानच्या फिरत्या ग्रंथालयांवरून येते. कुलूप लावता येईल अशा मजबूत लाकडी पेटीत साधारण 15 ते 30 पुस्तके भरून ती पेटी रेल्वेने गावी जात असे आणि तिच्या ने-आणीचा खर्च गावावर पडत नसे. पेटी निघताना यादी करणे, गावात शाळामास्तर किंवा अन्य जबाबदार माणसाच्या स्वाधीन करणे, परत आल्यावर पुस्तके मोजून घेणे, फाटके पुस्तक बांधणीला काढणे आणि कोणत्या गावाने कोणती पुस्तके वाचली याची नोंद ठेवणे, हे सगळे काम न चुकता करणारी माणसे घडवणे हा त्या वर्गाचा हेतू होता. तिथे पदवीचा प्रश्न नव्हता. संस्थानाला माणसे हवी होती, ती तयार केली गेली आणि कामावर लावली गेली.

बॉर्डन 1913 मध्ये परत गेले. त्यांच्यामागे जे. एस. कुडाळकर आणि नंतर न्यूटन मोहन दत्त यांनी ग्रंथालय खाते सांभाळले. कुडाळकरांचे नाव मराठी वाचकांनी विसरता कामा नये असे मला वाटते. 1912 ते 1919 या काळात बडोद्याहून निघणाऱ्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या त्रैमासिकाच्या संपादनात त्यांचा मोठा वाटा होता, आणि ते नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत मजकूर छापत असे. ग्रंथपालनावर मराठीत नियमित लेखन होण्याची सुरुवात मुंबई-पुण्यात न होता बडोद्यात झाली, ही गोष्ट आपल्याकडच्या वर्गांत क्वचितच सांगितली जाते.

आता लाहोर. पंजाब विद्यापीठाने 1915 मध्ये आसा डॉन डिकिन्सन या अमेरिकी ग्रंथपालांना आपले ग्रंथालय लावून देण्यासाठी आणले. ते दशांश वर्गीकरणाचे (विषयांना अंक देण्याच्या पद्धतीचे) जनक मेल्व्हिल ड्यूई यांच्या परंपरेत घडलेले. जेमतेम वर्षभराच्या मुक्कामात त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात दशांश वर्गीकरण आणले, ग्रंथपालांचा वर्ग चालवला आणि त्या वर्गासाठी ‘पंजाब लायब्ररी प्रायमर’ हे पाठ्यपुस्तक लिहून 1916 मध्ये प्रसिद्ध केले. विद्यापीठाने चालवलेला भारतातील पहिला वर्ग हा होय, आणि आपल्या मार्गदर्शिकेला बहुधा हेच म्हणायचे असावे. या वर्गाचे महत्त्व त्याच्या विद्यार्थ्यांमुळे वाढले. त्यांपैकी के. एम. असदुल्ला हे पुढे कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले आणि त्यांनी 1935 मध्ये तेथे प्रशिक्षण वर्ग काढला.

मद्रासचा वर्ग 1929 चा. मद्रास ग्रंथालय संघाने तो उन्हाळी वर्ग म्हणून सुरू केला, दोन वर्षांनी म्हणजे 1931 मध्ये मद्रास विद्यापीठाने तो आपल्याकडे घेतला आणि 1937 मध्ये त्याचे वर्षभराच्या पदव्युत्तर पदविकेत रूपांतर झाले. बाहेरून तज्ज्ञ न आणता इथल्या माणसाने, म्हणजे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. रंगनाथन यांनी आखलेला, आणि एकदा विद्यापीठात शिरल्यावर वाढत गेलेला अभ्यासक्रम असा निकष लावला, तर आपल्या सहकाऱ्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे.

या तिन्ही वर्गांत एक फरक असा आहे की तो लक्षात ठेवला तर तारखा पाठ कराव्या लागत नाहीत. प्रत्येक ठिकाणी शिकवले जाणारे वर्गीकरण निराळे होते. बॉर्डन यांनी कटर यांची अक्षरे आणि ड्यूई यांचे अंक यांचा मेळ घालून बडोद्यापुरती स्वतंत्र पद्धत रचली. डिकिन्सन यांनी लाहोरला ड्यूई यांची पद्धत जशीच्या तशी आणली. मद्रासच्या वर्गातून रंगनाथन यांची, विषयाचे सुटे घटक जोडून वर्गांक बनवणारी द्विबिंदू वर्गीकरण पद्धती पुढे आली. शिक्षक कोणत्या घराण्यातला, हे त्याच्या पुस्तकाच्या पाठीवरच्या वर्गांकावरून कळते. गायकीसारखेच आहे हे.

प्रश्न : ड्यूई यांनी अमेरिकेत जगातील पहिली ग्रंथपाल शाळा काढली आणि तिच्यात विद्यार्थ्यांना हस्ताक्षर शिकवले जात असे, असे वाचले. पदवीधर माणसांना अक्षर गिरवायला लावण्याचे कारण काय? शिवाय मुलींना प्रवेश दिल्यामुळे ती शाळा बंद पडली, हे खरे आहे का?

उत्तर : शाळा बंद पडली नाही, पण तिला शहर सोडावे लागले, आणि मुलींना प्रवेश हे त्याचे मोठे कारण होते.

मेल्व्हिल ड्यूई यांचे दशांश वर्गीकरण 1876 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथे अमेरिकन ग्रंथालय संघाची स्थापना झाली आणि तिच्यातही ते पुढे होते. 1883 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजने त्यांना ग्रंथपाल नेमले. ग्रंथालयाची पुनर्रचना करण्यासाठी त्यांनी वेलस्ली या स्त्रियांच्या महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या सहा पदवीधर तरुणींना कामावर घेतले. केवळ पुरुषांसाठी असलेल्या त्या आवारात हे अनेकांना रुचले नाही. ग्रंथपालांसाठी शाळा काढण्याचा त्यांचा प्रस्ताव विश्वस्तांनी तत्त्वतः मान्य केला होता, पण शाळेत स्त्रिया येणार हे स्पष्ट होताच विरोध सुरू झाला आणि वर्गासाठी खोली देण्यास नकार मिळाला. ड्यूई यांनी रस्त्यापलीकडच्या प्रार्थनामंदिराच्या वरची अडगळीची जागा साफ करून घेतली, इकडून-तिकडून बाके-खुर्च्या जमवल्या आणि 5 जानेवारी 1887 रोजी ‘स्कूल ऑफ लायब्ररी इकॉनॉमी’ सुरू केली. पहिल्या तुकडीत 20 विद्यार्थी होते आणि त्यांपैकी 17 स्त्रिया होत्या.

विश्वस्तांशी असलेले संबंध त्यानंतर बिघडतच गेले. 1888 च्या अखेरीस ड्यूई यांनी कोलंबिया सोडले, ऑल्बनी येथे न्यूयॉर्क राज्य ग्रंथालयाची सूत्रे घेतली आणि 1889 मध्ये शाळाही आपल्याबरोबर नेली. गंमत अशी की त्याच वर्षी कोलंबियाच्या जोडीला बर्नार्ड हे स्त्रियांचे महाविद्यालय उघडले. ऑल्बनीला ड्यूई संचालक असले तरी शाळेचा रोजचा कारभार मेरी सालोम कटलर यांनी वाहिला. शाळेच्या इतिहासात त्यांचे नाव ड्यूई यांच्याखाली झाकून जाते, ते तसे झाकले जाऊ नये. प्रॅट, ड्रेक्सेल आणि आर्मर या संस्थांत 1890 ते 1893 या काळात जे वर्ग निघाले, त्यांची धुरा याच शाळेत शिकलेल्या स्त्रियांनी सांभाळली. प्रॅटच्या वर्गाच्या प्रमुख झालेल्या मेरी राइट प्लमर तर 1887 च्या त्या पहिल्या तुकडीतल्या.

आता हस्ताक्षराविषयी. टंकलेखन यंत्र सर्वत्र पोहोचण्यापूर्वी तालिकापत्रे हातानेच लिहावी लागत. साडेबारा सेंटिमीटर रुंद आणि साडेसात सेंटिमीटर उंच असे ते जाड कागदाचे पत्र. त्यावर लेखक, ग्रंथनाम, प्रकाशनाचा तपशील, पृष्ठसंख्या आणि डाव्या कोपऱ्यात वर्गांक, एवढे सगळे ठरलेल्या जागी आणि ठरलेले अंतर सोडून बसवायचे. एकाच खणात पाच जणांच्या हातची पत्रे असतील आणि एकाचे अक्षर तिरपे, दुसऱ्याचे फराटेदार, तिसऱ्याचे मुंगीएवढे असेल, तर पत्रे भराभर चाळणाऱ्या वाचकाची नजर अडखळते. म्हणून गोलसर, सरळ उभे, सुटे आणि कोणत्याही वळणाची हौस नसलेले अक्षर सर्वांना गिरवायला लावत. त्याला ‘लायब्ररी हँड’ म्हणत आणि पुढे बरीच वर्षे ते ग्रंथपालन वर्गांत शिकवले गेले. आपल्याकडे जुन्या वाचनालयांत तालिकेचे लाकडी खण अजून जपलेले असतील तर त्यांतील पत्रे काढून पाहावीत. वळणदार आणि एकसारखे देवनागरी काढणारा कारकून ज्या वाचनालयाला लाभला, त्याची तालिका आजही सुखाने वाचता येते.

ड्यूई यांच्याविषयी लिहिताना दुसरी बाजू वगळणे योग्य नाही. शाळेत प्रवेश मागणाऱ्या तरुणींकडून ते उंची, वजन, केस आणि डोळ्यांचा रंग असा तपशील मागवत. लेक प्लॅसिड येथे त्यांनी चालवलेल्या क्लबात ज्यू लोकांना मज्जाव होता, त्याविरुद्ध तक्रार झाली आणि राज्य ग्रंथपालाचे पद त्यांना सोडावे लागले. स्त्रियांशी त्यांचे वर्तन गैर असल्याच्या तक्रारी त्यांच्या हयातीतच झाल्या होत्या. ज्या संघाच्या स्थापनेत ते पुढे होते, त्याच अमेरिकन ग्रंथालय संघाने 2019 मध्ये त्यांच्या नावाच्या पदकावरून त्यांचे नाव काढले. स्त्रियांना या व्यवसायात दार उघडून देणारा माणूस आणि ज्याच्याबद्दल स्त्रियांनी तक्रार केली तो माणूस एकच होता, हे इतिहासाला दोन्ही नोंदी शेजारी ठेवूनच सांगावे लागते.

प्रश्न : डॉ. रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक होते. मग ते ग्रंथपालन कोठे शिकले? स्वतः न शिकताच त्यांनी इतरांना शिकवले, असे आमच्या वर्गातील काही जण म्हणतात.

उत्तर : ते लंडनला शिकले. 1924 च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमले तेव्हा त्यांना या विषयाची माहिती नव्हती, आणि ते पद त्यांना आवडलेही नाही. वर्गात मुलांसमोर बोलण्याची सवय असलेल्या माणसाला त्या शांत, रिकाम्या दालनात करमेना आणि त्यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजात परत घेण्याची विनंती केली. आधी ठरल्याप्रमाणे इंग्लंडला जाऊन शिकून यावे आणि तरीही नको वाटले तर परत यावे, अशा बोलीवर त्यांची पाठवणी झाली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ग्रंथपालनाची शाळा तेव्हा नवीच होती. ती 1919 मध्ये कार्नेगी ट्रस्टच्या मदतीने उभी राहिली होती. तेथे वर्गीकरण शिकवणारे बर्विक सेयर्स हे क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुखही होते. पुस्तकी शिक्षणापेक्षा ग्रंथालये पाहून रंगनाथन यांना अधिक मिळेल, हे ओळखून सेयर्स यांनी त्यांना क्रॉयडनमध्ये कामाचा अनुभव दिला आणि पुढे इंग्लंडभर फिरण्यास उत्तेजन दिले. शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. ड्यूई यांच्या पद्धतीत विषयाला त्याची ठरलेली जागा आधीच नेमून दिलेली असते, ही अडचण त्यांना याच काळात जाणवली. एका दुकानात मुलांच्या मेकॅनो या खेळाचे सुटे भाग जोडून निरनिराळ्या वस्तू बनवून दाखवताना त्यांनी पाहिले आणि विषयही असे सुट्या घटकांतून जोडता येतील, ही कल्पना त्यांना सुचली. 1925 मध्ये ते परतले ते या कामाला वाहून घेण्याचे ठरवूनच. द्विबिंदू वर्गीकरणाची पहिली आवृत्ती 1933 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी 1931 मध्ये त्यांचे ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धान्तांवरील पुस्तक मद्रास ग्रंथालय संघाने काढले होते. म्हणजे 1929 चा उन्हाळी वर्ग आणि ही दोन पुस्तके एकाच कालखंडातील आहेत. शिकवता शिकवता शास्त्र रचले गेले असे म्हणणे इथे खरोखर लागू पडते, कारण विद्यार्थ्यांपुढे मांडण्यासाठी फुटकळ नियमांना एका सूत्रात ओवणे त्यांना भाग होते.

प्रशिक्षणाला विद्यापीठाचा विषय बनवण्याचा त्यांचा आग्रह पुढे दिल्लीत तडीस गेला. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्ली विद्यापीठात पदविकेपासून पदव्युत्तर पदवीपर्यंत आणि नंतर संशोधनापर्यंतची सोय झाली. 1962 मध्ये त्यांनी बंगळूर येथे प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभारले. आपल्या वर्गातील मंडळींना एवढे सांगावे की ज्यांच्या काळी इथे धड शिकण्याची सोय नव्हती, त्या माणसाने शिकण्यासाठी समुद्र ओलांडला होता.

प्रश्न : बडोद्याचा वर्ग इतका यशस्वी होता तर तो कायमची संस्था का झाला नाही? आणि कोलंबियाची शाळा आज कोठे आहे?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकमेकांशी जोडलेले आहे. बडोद्याचा वर्ग संस्थानच्या ग्रंथालय खात्याचा भाग होता. खात्याला माणसे लागत तेव्हा तो भरत असे, आणि त्यातून बाहेर पडलेल्या माणसाला बाहेर दाखवता येईल अशी विद्यापीठाची पदविका मिळत नव्हती. बडोद्यात विद्यापीठ स्थापन झाले ते 1949 मध्ये. त्याच वर्षी संस्थानही विलीन झाले. ग्रंथालयाच्या आत वाढलेल्या शाळेचे आयुष्य त्या ग्रंथालयाच्या गरजेएवढेच असते, असे माझे मत आहे, आणि तिच्या विद्यार्थ्यांचा हात कामावर अधिक बसलेला असतो, हेही तितकेच खरे.

ऑल्बनीच्या शाळेने उलटा रस्ता धरला. 1923 मध्ये चार्ल्स विल्यमसन यांनी कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. कारकुनी काम आणि व्यावसायिक काम वेगळे करावे, प्रवेशाला महाविद्यालयीन पदवी हवी आणि शाळा विद्यापीठात असाव्यात, असे त्यांनी सांगितले. 1926 मध्ये ऑल्बनीची शाळा आणि न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची 1911 मधील शाळा (तिच्या पहिल्या प्रमुख त्याच मेरी राइट प्लमर) एकत्र करून कोलंबिया विद्यापीठात नवी शाळा उभी राहिली आणि तिचे अधिष्ठाते म्हणून विल्यमसन यांनाच नेमले गेले. ज्या संस्थेतून ती 1889 मध्ये बाहेर पडली, तिथे ती सदतीस वर्षांनी सन्मानाने परतली.

पण विद्यापीठात जे येते ते विद्यापीठाच्या हिशेबातही येते. आपल्या इतर विभागांच्या तुलनेत ही शाळा चालू ठेवणे कोलंबियाला आवश्यक वाटले नाही आणि 1992 मध्ये ती बंद झाली. बडोद्याला मात्र महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुढे ग्रंथालयशास्त्र शिकवले जाऊ लागले.